शितावरून मताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. शहर तसे शिजत नाही.

१९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ने निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २३ लाख परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने छापले. ४८ पैकी ४६ राज्ये मात्र रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारमालकांच्या याद्यांतले, आणि काळ मंदीचा! शिवाय उत्तर न पाठवणारे वेगळ्या मताचे होते. गॅलप यांचे भाकीत बरेच लहान नमुन्यावर खरे ठरले. पण १९४८ मध्ये तेही चुकले. अमुक स्त्रिया, अमुक कामगार एवढे ठरवून माणूस निवडणे मुलाखतकारावर सोडले, की तो सोयीचाच माणूस गाठतो.

आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मतांचा नव्हे. पण इथे कुणाला विचारायचे, हे ठरवण्यापूर्वी असेच शहर ओळखावे लागते. दुपारी नवी पेठेत उभे राहून मराठीत विचारले, तर पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बाई आपल्याला भेटतील का? रात्रपाळी करून झोपलेला यंत्रमाग कामगार?

म्हणून आधी वस्तीवार घरांची यादी करावी, प्रत्येक वस्तीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत, आणि दार बंद दिसले तर शेजाऱ्याला न विचारता संध्याकाळी पुन्हा त्याच दारी जावे.