विजेची कणगी आणि तिचा काटा

ज्या घरात वीज बाहेरून तारेने येते, त्या घरास तिचा हिशेब महिन्यातून एकदाच, म्हणजे बिल हाती पडते त्या दिवशी, पाहावा लागतो. परंतु ज्या घराने आपली वीज आपणच निर्माण करून आपल्याच घटांत साठविली, त्यास हा हिशेब रोज, आणि प्रसंगी दिवसातून चार वेळा, पाहणे भाग पडते. कणगीत धान्य किती उरले हे हात घालून कळते; हौदात पाणी किती आहे हे काठी बुडवून समजते. विजेच्या पेटीत मात्र हात घालण्याची सोय नाही. तिच्या बाहेर बसविलेला एक काटा काय दाखवितो, यावरच घरातील दिव्यांची भिस्त असते. हा काटा कसा वाचावा हे शिकण्यास माणसाला बराच काळ लागला, आणि त्या शिकवणीची किंमत कित्येक घरांनी आपल्या पेट्या गमावून मोजली.

विजेचा अखंड प्रवाह देणारे पहिले साधन इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इ. स. १८०० मध्ये विद्वानांपुढे मांडले. विद्युद्दाब मोजण्याच्या एककास ‘व्होल्ट’ हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. परंतु व्होल्टा यांचे साधन एकदा संपले की संपले. त्यात वीज पुन्हा भरता येत नसे. रिता होऊन पुन्हा भरता येईल असा शिशाचा घट १८५९ मध्ये फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी तयार केला. शिशाचे दोन पत्रे एकमेकांपासून अलग ठेवून विरल गंधकाम्लात बुडवावयाचे, एवढीच त्याची रचना होती. मात्र हे पत्रे कामास लायक होण्यासाठी ते पुनःपुन्हा भरावे व रिते करावे लागत, आणि त्यात फार काळ जाई. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यांवर शेंदराचा लेप देऊन ही अडचण दूर केली. मारुतीच्या मूर्तीस चर्चिला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचेच तांबडे भस्म होय. त्याच पदार्थाने घराघरांत वीज साठविण्याचा मार्ग मोकळा केला.

त्याच १८८१ साली फोर यांच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगो येथे विल्यम टॉमसन यांच्याकडे आली. पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ ते हेच. पॅरिसमध्ये भरलेली वीज समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्ये पोहोचली, याचे तत्कालीन वृत्तपत्रांस मोठे कौतुक वाटले. तीत सुमारे दहा लक्ष फूट-पौंड इतके कार्य करण्याची शक्ती असल्याचा गाजावाजा झाला. आकडा डोळे दिपविणारा खरा. पण आजच्या बिलाच्या भाषेत ही शक्ती एका युनिटाच्या दोन-पंचमांशाहूनही कमी भरते. एवढीशी शक्ती साठविण्यास शिशाचे ओझे वाहावे लागते, तेव्हा ती जपून वापरणे ओघानेच आले. आणि जपून वापरावयाची तर किती उरली हे कळणे अगत्याचे झाले.

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. विद्युद्दाब मोजणारा काटा मिळविणे फारसे कठीण राहिले नाही. अमेरिकेतील न्यूअर्क येथे एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये विद्युत्‌मापकांची कंपनी स्थापन केली, आणि तेथील सुबक मापके जगभर पसरली. परंतु दाब म्हणजे साठा नव्हे. नळाच्या तोंडाशी पाण्याचा जोर किती आहे यावरून हौदाची खोली काही अंशी ताडता येते. पण शेजारचे चार नळ सुटले असताना तो जोर पाहिला, तर हौद भरलेला असूनही रिकामा भासतो. विजेच्या घटाची गत अशीच आहे.

घटाच्या अंतरंगात काय घडते हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ मध्ये स्पष्ट केले. घट रिता होऊ लागला की द्रवातील गंधकाम्ल दोन्ही पत्र्यांवर सल्फेटाच्या रूपाने बसत जाते आणि द्रव पातळ होतो. घट भरू लागला की तेच अम्ल पुन्हा द्रवात उतरते. म्हणजे साठा किती आहे याची खरी साक्ष द्रवाच्या विशिष्ट गुरुत्वात असते. मोटारीच्या घटात ते पूर्ण भरल्यावर सुमारे १.२८ आणि रिते झाल्यावर सुमारे १.१२ असते. या आकड्यात ०.८४ मिळविले असता घटाचा विद्युद्दाब जवळजवळ बरोबर निघतो, असा कारागिरांचा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने भरलेल्या घटाचा दाब २.१२ व्होल्ट आणि रित्याचा १.९६ व्होल्ट येतो. सहा घटांच्या पेटीत हा सारा फरक एका व्होल्टाच्या आतच संपतो. शिवाय हा ठोकताळा लागू पडतो तो घट काही तास स्वस्थ राहिला असेल तरच. आणि नांदत्या घरात तो स्वस्थ असा क्वचितच असतो.

ही अडचण किती व्यावहारिक होती हे अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांस प्रथम मोठ्या प्रमाणावर कळून आले. ओहायो प्रांतातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९१६ पासून ‘डेल्को-लाइट’ नावाचे घरगुती वीजयंत्र विक्रीस आणले. रॉकेलवर चालणारे एक लहान इंजिन, त्यास जोडलेले जनित्र, आणि काचेच्या बरण्यांतील सोळा घट यांचा तो संच होता. सोळा घटांचा मिळून दाब ३२ व्होल्ट धरीत, आणि त्या दाबावर चालणारे दिवे, इस्त्र्या, पाण्याचे पंप व धुलाईयंत्रेही बाजारात आली. सायंकाळी इंजिन थांबवून घरभर दिवे लावावयाचे, आणि रात्री त्याच्या धडधडीवाचून स्वस्थ बसावयाचे, हे सुख शहरापासून दूर राहणाऱ्यांस प्रथमच लाभले.

अशा घरातील काट्याचा एक दिवस डोळ्यांपुढे आणण्यासारखा आहे. दुपारी इंजिन चालू असताना, घट भरत आले की, काटा ३८ व्होल्टांवर जाई. अननुभवी माणूस तो पाहून हर्षित होई; पण तो आकडा घटांचा नव्हता, घटांत वीज लोटणाऱ्या जनित्राचा होता. इंजिन थांबल्यावर काही तासांनी काटा ३४ च्या आसपास स्थिरावे, आणि पूर्ण भरल्याची खूण ती हीच. मग कोणी इस्त्री लावली की काटा एकदम खाली येई, आणि घट आटले या भीतीने घरातील दिवे मालविले जात. इस्त्री काढून ठेवली की काटा पुन्हा वर चढे. या तिन्ही वेळा साठा जवळजवळ तेवढाच असे. उलट, साठा खरोखर निम्म्यावर आला तरी स्वस्थ पेटीचा काटा ३२ च्या वरच रेंगाळे, आणि सारे कुशल आहे असे वाटे.

दोन्हीकडची चूक महाग पडे. घट अर्धवट भरलेले पुष्कळ दिवस राहिले, तर पत्र्यांवरील सल्फेट कठीण स्फटिकांचे रूप घेते आणि पुढे कितीही वीज लोटली तरी ते नीट विरघळत नाही. उलट, भरलेल्या घटात वीज लोटतच राहिले, तर द्रवातील पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होतात, बरणीतील पाणी आटते, आणि ठिणगी पडल्यास स्फोटाचे भय असते. म्हणून चतुर शेतकरी केवळ काट्यावर विसंबून राहत नसत. त्या काळच्या कित्येक संचांत एका घटात लहान रंगीत गोळ्या सोडलेल्या असत. द्रव पातळ होत गेला की त्या बुडत, दाट झाला की तरंगत. काचेतून एक नजर टाकली की घरातील मुलासही साठ्याचा अंदाज येई. विजेचा साठा डोळ्यांनी पाहता यावा याहून सोपी युक्ती पुढील काळातही फारशी निघाली नाही.

काट्याच्या या फसवेपणामागे आणखी एक नियम होता. जर्मनीतील विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले की शिशाच्या घटातून वीज जितकी वेगाने काढावी, तितकी एकंदरीत कमी हाती लागते. वीस तास मंद दिवे पुरविणारा घट तोच भार दसपट केल्यास दोन तासही टिकत नाही. म्हणजे किती उरले याचे उत्तर पुढे ते कसे वापरावयाचे यावरही अवलंबून असते.

पुढे इंजिनाच्या जोडीस वारा आला. मोंटाना प्रांतातील मार्सेलस व जो या जेकब्स बंधूंनी तीन पात्यांची पवनयंत्रे रचली; त्यांचे एक यंत्र १९३३ मध्ये अॅडमिरल बर्ड यांच्या मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवप्रदेशात गेले. आयोवा प्रांतातील ‘विंचार्जर’ कंपनीने सहा व्होल्टांची लहान यंत्रे खेडोपाडीच्या रेडिओसाठी विकली. वारा पडला की पेटी पुरवून वापरावयाची, हे अशा घरांतील वळणच पडून गेले. परंतु ११ मे १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते स्थापिले. त्या वेळी अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी सुमारे एकातच बाहेरची वीज पोहोचली होती. पुढील वीस वर्षांत तारा सर्वत्र गेल्या, ३२ व्होल्टांची उपकरणे निरुपयोगी ठरली, आणि काटा वाचण्याची विद्याही त्यांच्याबरोबर अडगळीत पडली.

ती पुन्हा हाती घ्यावी लागली ती सूर्यामुळे. २५ एप्रिल १९५४ रोजी बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जाहीरपणे दाखविला, आणि काही दशकांनी तारेवाचून राहणारी घरे नव्या थाटात उभी राहिली. महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांसही या विद्येची तोंडओळख झाली, ती भारनियमनाच्या वर्षांत घेतलेल्या इन्व्हर्टरमुळे. शुद्ध पाणी भरण्याचा विसर, दिवसभराची वीज गेल्यानंतर दोन तासांतच पुन्हा गेलेली वीज, आणि दोन-तीन वर्षांत निकामी झालेली बारा व्होल्टांची पेटी, हा अनुभव पुष्कळांस आहे. भार चालू असताना १०.५ व्होल्टांवर यंत्र बंद पडते, पण तोवर त्या शिशाच्या पेटीचा व्हावयाचा तो छळ झालेला असतो.

आता लोह-फॉस्फेटाच्या लिथियम पेट्या घरांत येऊ लागल्या आहेत, आणि त्यांनी काट्याची किंमत आणखी कमी केली आहे. त्यांचा प्रत्येक घट बहुतेक साठा संपेपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्टांच्या आसपासच राहतो, आणि मग झपाट्याने कोसळतो. म्हणून नव्या मापकांत आत गेलेला व बाहेर पडलेला प्रवाह क्षणाक्षणाला मोजून त्याची जमाखर्चाची वही ठेवली जाते. ही वहीदेखील हळूहळू चुकत जाते, आणि पेटी पूर्ण भरेल त्या दिवशी तिचा मेळ नव्याने घालावा लागतो.

साधने बदलली, तरी ग्लासगोच्या पेटीपासून आजच्या सौरगृहापर्यंत नियम एकच राहिला आहे. काट्यावरील आकड्यास एकट्यास अर्थ नाही. गेल्या काही तासांत किती वीज आत आली, किती खर्च झाली आणि पेटी किती वेळ स्वस्थ होती, हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच तो आकडा खरे सांगतो. ज्या घरात सकाळी पहिला दिवा लावण्यापूर्वी काटा पाहून आकडा टिपून ठेवण्याची शिस्त असते, तेथील घट पुष्कळ वर्षे टिकतात. आणि ही शिस्त कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही.