गेशा बुंदाचें मूळ व एस्मेराल्दाचा मळा

पनामा देशाच्या चिरिकी प्रांतांत, बारू ज्वालामुखीच्या उतारावर, बोकेते नांवाचें डोंगरी गांव आहे. तेथील पीटरसन घराण्याच्या ‘हासिएन्दा ला एस्मेराल्दा’ या मळ्यांतील ‘गेशा’ कॉफीस २००४ सालच्या लिलांवांत पौंडास २१ डॉलर भाव आला. २००७ सालीं तो १३० डॉलरांपर्यंत चढला. भावाची चर्चा व्यापाऱ्यांनीं करावी. आमचें लक्ष वेधलें तें या बुंदाच्या नांवानें व वंशावळीनें. पोथीवरून पोथी कशी उतरली हें जसें आपण पाहतों, तसेंच येथें बियांविषयीं पाहावें लागतें.

१९३० नंतरच्या दशकांत नैर्ऋत्य इथिओपियाच्या रानांतून हें बीं गोळा झालें. तें टांगानिकांतील (आतांचा टांझानिया) ल्यामुंगू येथील संशोधनकेंद्रास गेलें व १९५३ सालीं कोस्टारिकांत तुरियाल्बा येथें पोंचलें. तेथील नोंदींत त्याचा क्रमांक टी २७२२ असा आहे. (या प्रसंगीं पुष्कळ लेखक तेथील संस्थेस ‘कातिए’ म्हणतात. तें नांव १९७३ सालचें असल्यामुळें १९५३ च्या नोंदीस लावणें हा कालविपर्यास होय.) १९६० नंतर, तांबेऱ्यास दाद न देणारें म्हणून, तें पनामांत वांटलें गेलें, परंतु फांद्या ठिसूळ असल्यानें शेतकऱ्यांनीं त्याकडे पाठ फिरविली.

आतां नांवाविषयीं. स्थाननाम ‘गेशा’ असें आहे. बियांच्या जुन्या नोंदींत मात्र ‘गेइशा’ असें लिहिलें गेलें. इथिओपियांतील नांवें रोमन लिपींत उतरविण्याची एकच ठरलेली रीत नसल्यानें एक जादा अक्षर आंत शिरलें, आणि त्यावरून जपानी नर्तकींशीं नातें जोडणारेहि निघाले! तें सर्वस्वी निराधार आहे. तथापि केवळ ‘गेशा’ लिहून जुना पाठ पुसून टाकणेंहि आम्हांस मान्य नाहीं. संपादकानें पोथींतील अक्षर कायम ठेवून शुद्ध रूप टीपेंत द्यावें, तोच न्याय येथें लागू करावा. शिवाय या एका नांवाखालीं भिन्न वंशाचीं अनेक झाडें वावरत आहेत. टी २७२२ पासून आलेलीं पनामांतील झाडें मात्र वेगळीं व एकजिनसी असल्याचें बीजपरीक्षणानें ठरलें आहे.

मळा रुडॉल्फ पीटरसन या अमेरिकन बँकवाल्यानें १९६७ सालीं घेतला. त्या वेळीं तेथें मुख्यतः गुरें होतीं. त्याचा पुत्र प्राइस तेथें येऊन राहिला आणि पुढें कॉफी वाढली. हारामियो नांवाचा उंचावरील भाग नंतर खरेदी झाला. नातू डॅनियल यानें मळ्याच्या प्रत्येक भागाचें बीं निराळें ठेवून चव घेतली, तेव्हां हारामियोच्या उंच टोंकाच्या झाडांचा गुण उघड झाला. तोंवर तें पीक इतरांत मिसळून जात होतें, म्हणजे वस्तु हातीं असून ओळखतां येत नव्हती. एका घराण्याच्या दप्तराचे रुमाल सोडून सर्व कागद केवळ तारखांच्या क्रमानें लावलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत. कोणता कागद कोणत्या शाखेकडील, हें आतां सांगणारा कोणी उरला नाहीं.

पहिल्या लिलांवाचें साल कांहीं ठिकाणीं २००५ असें छापलेलें आढळतें. मळेवाल्यांच्या हकीकतींत २००४ आहे. तेंच आम्हीं वर स्वीकारलें आहे.