दगडावरचे अर्धे नाव

कॅनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटच्या षट्कोनी चौकाला जाऊन मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या फार लवकर ओळखीचा होतो. २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन या रस्त्यावर उभे राहिल्यापासून तर गावाकडचा पाहुणा पुष्कळदा प्रथम येथेच उतरतो, आणि त्याला दिल्ली दाखविण्याचे काम येथूनच सुरू होते. जुने दिल्लीकर अजूनही याला कर्झन रोड म्हणतात. कर्झनसाहेबांची पाटी उतरवून पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, इंग्रजांच्या कैदेत, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव तेथे लावण्यात ज्यांनी औचित्य दाखविले त्यांचे कौतुक केले पाहिजे. फौजेशी या रस्त्याचा संबंध जुना आहे. लष्करी कचेऱ्यांच्या बराकी येथे कित्येक वर्षे होत्या; सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण खात्याच्या कचेऱ्यांसाठी नवी इमारत झाली तीही याच मार्गावर.

पाहुणा सदनातून बाहेर पडला, की पायीच इंडिया गेटपर्यंत जातो आणि एक प्रश्न हमखास विचारतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतला असेल तर विचारतोच. ‘आमच्या घरातले एक जण पहिल्या लढाईत गेले. त्यांचे नाव या कमानीवर असेल ना?’ सोबत आलेला सरकारी अधिकारी बहुधा ‘असेल’ असे म्हणून मोकळा होतो. कमानीवर नावे इतकी आहेत, की त्यांत आपले नसेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. लुटियन्सने आराखडा केलेल्या या कमानीचा पाया १० फेब्रुवारी १९२१ रोजी घातला गेला आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी ती खुली झाली. १९१४ ते १९२१ या काळात कामी आलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांचे हे स्मारक, हे खरे. परंतु तीवर कोरलेली नावे १३ हजारांहून थोडी अधिक, आणि तीही मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. बाकीच्यांची नावे ते जेथे पडले त्या देशांतील स्मारकांवर घालावी, असा हिशेब होता. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. तेव्हा साताऱ्याच्या पाहुण्याने येथे नाव शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

आमचे वडील असेच शोधून गेले. ते मराठा लाइट इन्फंट्रीत १९४० साली बेळगावात भरती झाले, पलटणीबरोबर इटलीत होते आणि सुभेदार होऊन घरी परतले. त्यांचे थोरले चुलते ११७ व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, ते आले नाहीत. वडिलांचा जन्म त्यानंतरचा. पण घरात त्या चुलत्यांचे नाव असे सतत निघे, की त्यांनी त्यांना पाहिले असावे असे ऐकणाराला वाटे. १९८० च्या सुमारास आम्ही दिल्लीत नोकरीस असताना ते आमच्याकडे राहावयास आले आणि तीन दिवस लागोपाठ सकाळचे उठून कमानीपाशी गेले. फौजेत त्या काळी जवानांना ‘रोमन’ शिकवीत, म्हणजे हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे त्यांना नावे वाचता येत. हुद्दा वाचावा, नाव वाचावे, थांबावे. तिसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणाले, ‘ह्यात बापाचं नाव कुठंच नाही. नुसतं अर्धं नाव आहे. ओळखायचं कसं?’

हे बोलणे त्या वेळी आम्हांला साध्या माणसाची तक्रार वाटली. पुढे वाटू लागले, की सबंध प्रकरणाचे मर्म त्यांनी नेमके पकडले होते. आपल्याकडे माणसाच्या नावाच्या मध्यभागी बाप बसलेला असतो. तो काढला, की उरतात गणपत शिंदे, रामा जाधव, सखाराम मोरे. आणि एका पलटणीत एकाच वेळी तीन-तीन रामा जाधव असणे अगदी साहजिक. फौजेने त्यावर नंबराचा तोडगा काढला. नंबराने पगार वाटता येतो. घरच्या माणसाला दगडावर आपला माणूस सापडावयाचा तर बापाचे नाव आणि गाव लागते. तशात नावे लिहिणारे कारकून आणि ती मंजूर करणारे साहेब परक्या कानाचे. खुद्द पलटणीच्या नावात ‘ह’ घालून जे ती दीर्घकाळ ‘मऱ्हाटा’ म्हणून लिहीत राहिले, त्यांच्या हातून आमच्या आडनावांचे काय होणार, हे सांगावयास नको.

मेसोपोटेमियात काय झाले ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मराठी मुलखात याची आठवण आश्चर्य वाटावे इतकी पुसट आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये जी फौज बसऱ्याकडे उतरू लागली तिचे नावच ६ वी पुणे डिव्हिजन. जनरल टाउन्शेंडच्या हाताखाली ती तैग्रिसच्या काठाने वर सरकत बगदादच्या जवळ पोचली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे तुर्कांनी तिला अडविले आणि तिला मागे फिरून कुत या गावी आश्रय घ्यावा लागला. ७ डिसेंबरला वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा आटत गेला, तेव्हा घोड्याचे मांस वाटू लागले. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते खाण्यास कित्येक आठवडे नकार दिला आणि रक्तपितीने ते अंथरुणाला खिळले. विमानांतून पीठ टाकण्याचा प्रयत्न झाला, तो पुरा पडणे शक्यच नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांना बगदाद, मोसुल, रास-अल-ऐन असे वाळवंटातून चालवीत नेले आणि पुढे रेल्वेच्या कामावर जुंपले. उन्हाळ्याचे दिवस, पायांत धड बूट नाहीत, पोटात अन्न नाही. वाटेत जे पडले त्यांची थडगी झाली नाहीत. टाउन्शेंडसाहेबांचा बंदिवास कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाने गेला, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

थडगे नसलेल्यांसाठी बसऱ्याचे स्मारक झाले, मार्च १९२९ मध्ये. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. परंतु स्मरण म्हणजे काय? गोऱ्यांचे सर्व हुद्दे, अगदी साध्या सोजिरापर्यंत, नावानिशी. हिंदी पलटणींतील अंमलदारांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची, नावे आहेत. आणि त्यांच्याखाली, पलटणीपलटणीगणिक, ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ असा केवळ आकडा! नाईक, लान्स नाईक, शिपाई हे सगळे त्या आकड्यात. वडिलांनी दिल्लीतल्या दगडावर जे अर्धे नाव पाहून खेद केला, ते अर्धे नावही चुलत्यांच्या वाट्याला आले नव्हते.

सर्वत्र असेच केले असे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे ऑक्टोबर १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचे स्मारक उघडले. आराखडा हर्बर्ट बेकरचा. आपल्या दिल्लीतील सचिवालयाच्या दोन्ही इमारती ज्याने बांधल्या, तोच हा. तेथे ४,७०० वर नावे आहेत आणि ती साध्या शिपायांचीही आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्याच गावातील लढाईत होत्या. म्हणजे एकाच जिल्ह्यातून एकाच वर्षी भरती झालेल्या दोघा मराठ्यांपैकी जो फ्रान्समध्ये पडला तो नावाने उरला, आणि जो मेसोपोटेमियात पडला तो आकड्यात गेला. युरोपात येणारे-जाणारे लोक दगड वाचतील. बसऱ्याच्या वाळूत कोण वाचणार, असा काही विचार त्यामागे असावा, असे आम्हांस वाटते.

आणखी एक दगड आहे, तो गावातला. युद्धानंतर सरकारने पुष्कळ गावांत शिळा बसविल्या. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या चावडीच्या भिंतीत ती पाहिली असेल. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले, असा तीवर मजकूर. पुन्हा आकडा! साताऱ्याजवळील अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तेथील ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावात आकडा चालून जातो असे एक वेळ म्हणता येईल, कारण कोण गेला हे गाव जाणते. पण जाणणारी पिढी गेली, की तेथेही आकडाच शिल्लक राहतो.

नावे ठाऊकच नव्हती, ही सबब मात्र टिकणारी नाही. आमच्या चुलत आजीला पेन्शन येत असे. पेन्शन येण्यासाठी सरकारदरबारी काय काय लिहिलेले असावे लागते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. मयताचे नाव, त्याच्या बापाचे नाव, मौजे, तालुका, जिल्हा, वारस आणि वारसाशी नाते. एका खात्याजवळ हे सारे होते, आणि ते इतके बिनचूक होते, की मनिऑर्डर घराच्या उंबऱ्यावर येत असे. शिळेवर कोरण्याची वेळ आली तेव्हा मात्र तेच सरकार माणसे मोजून मोकळे झाले. फायलीत जे आहे ते दगडावर का आले नाही, हा प्रश्न कारकुनी गैरसोयीचा नव्हे. ज्या माणसांच्या हाती तो निर्णय होता, त्यांना या बापाच्या पोराला नाव वाचावेसे वाटेल असे वाटलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

हे पुढे त्यांनीच कबूल केले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिया व आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरण मिळाले नाही; निदान १ लाख १६ हजार, कदाचित ३ लाख ५० हजारांपर्यंत, असे आहेत की त्यांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. बसऱ्याचे स्मारक तोवर मूळ जागी राहिलेही नव्हते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन पुन्हा उभारले गेले होते.

आपल्या प्रजासत्ताकाचे राष्ट्रीय युद्धस्मारक इंडिया गेटच्या पलीकडे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. तेथे एका विटेवर एक माणूस, आणि शिपाई व अधिकारी यांच्या विटांत फरक नाही. हे पाहिले म्हणजे समाधान होते. आमच्या वडिलांचे नाव तेथे नाही आणि असण्याचे कारणही नाही. ते पेन्शन घेऊन, आपल्या घरी, आपल्या खाटेवर वारले. त्यांची म्हणून आमच्याजवळ एक डिस्चार्ज बुक आहे. तीत त्यांची उंची, अंगावरच्या खुणा, जखमा, चालचलन आणि पहिल्याच पानावर, पुसट शाईत, त्यांच्या वडिलांचे नाव.

आयोगाच्या नोंदी आता संगणकावर घरबसल्या पाहावयास मिळतात. बसऱ्याच्या स्मारकावर जे आकड्यांत गेले, त्यांतील पुष्कळांची नावे या नोंदींत आहेत आणि काहींपुढे बापाचे नाव व गावही आहे. वडील गेल्यावर काही वर्षांनी आम्ही तेथे चुलत आजोबांना शोधले. त्याच नावाचे, त्याच पलटणीचे तिघे निघाले. गावाचे नाव असे काही लिहिले होते, की ते आपलेच हे मोठ्याने वाचल्यावाचून कळले नसते. बापाच्या नावावरून ते ठरले. मृत्यूची तारीख होती जुलै १९१६ मधली. म्हणजे कुत पडल्यावर अडीच महिन्यांनी, कैदेत.

आमच्या घरी त्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला होत आले आहे. शस्त्राने मेलेल्यांची ती तिथी. चुलते लढाईत गोळी लागून गेले, अशी घरची समजूत. वडील त्या दिवशी स्वतः पान वाढीत. नोंद पाहिल्यावर थोरल्या बंधूंनी विचारले, की आता हे सर्वपित्रीला करावयाचे काय? चतुर्दशी आणि अमावास्या यांत अंतर एका दिवसाचे. वडिलांनी जी तिथी आयुष्यभर पाळली तीच ठेवावी, असे आम्ही कळविले; आणि नोंदीची मराठीत नक्कल करून, बापाच्या नावासह, ती त्यांच्या डिस्चार्ज बुकात ठेवून दिली.