गुडघा 'निसटतो' तेव्हा: एसीएलचं ऑपरेशन आणि बाहेरचा पट्टा

इचलकरंजीत कबड्डी बघत मोठं झालेल्यांना हे नवीन नाही. चढाईहून परतताना गडी गर्रकन वळतो, पाय तिथंच रुततो, गुडघा आत वळतो आणि कट्‌कन आवाज येतो. कुणी हातही लावलेला नसतो. बऱ्याचदा तुटतो तो एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधणारा लिगामेंट. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि आत फिरू द्यायची नाही, ही त्याची कामं.

सूज उतरली की सरळ चालता येतं, म्हणून गडी परत मैदानात उतरतो. मग वळताना गुडघा निसटतो, आणि तसं झालं की आतली गादी फाटायची भीती असते.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. तुटलेला लिगामेंट सहसा शिवत नाहीत. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन घेतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडून ओवतात आणि स्क्रूने किंवा बटणाने पक्का करतात.

पण हा नवा लिगामेंट गुडघा ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या जवळच बसतो. उघडणारं दार बिजागरीपाशी बोट लावून अडवून बघा, मग कडेला लावून बघा. कडेला कितीतरी कमी जोर लागतो! फ्रेंच सर्जन मार्सेल लमेर यांनी १९६७ मध्ये हेच केलं: मांडीच्या बाहेरच्या रुंद पट्ट्यातली एक चिंधी खाली जोडलेलीच ठेवून वर हाडाला बांधली. दुर्बीण आल्यावर ही पद्धत मागे पडली होती. २०२० मध्ये कॅनडा-युरोपातल्या ६१८ तरुण, जास्त जोखमीच्या रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांत नुसत्या नव्या लिगामेंटवाल्यांपैकी ११ टक्क्यांचा तो परत तुटला, पट्टाही बांधलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा. बाहेरून आणखी एक चीर पडते आणि सुरुवातीला दुखतं जास्त, त्यामुळे सरसकट सगळ्यांना पट्टा लागत नाही. पण वय कमी, खेळ वळणा-वळणाचा आणि सांधे मुळात सैल असतील, तर ऑपरेशनआधी सर्जनला नक्की विचारा.

सांगलीच्या स्मृती मानधनाचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये दुखावला आणि जूनमध्ये तिने वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या. हे उदाहरण देऊन घाई करू नका. बसवलेल्या टेंडनला सुरुवातीला रक्तपुरवठाच नसतो. नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत तो आधी कमकुवत होतो, मग हळूहळू भरतो. म्हणून मैदानात उतरायला साधारण ९ महिने सांगतात, तेही त्या मांडीची ताकद दुसरीच्या निदान ९० टक्के भरली तर.