करिअर मेंटॉर म्हणजे नेमकं काय? कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या मुलांसाठी महिन्यातून एक तास कसा द्यायचा?

"हाय सर, माझं बीकॉम झालंय. जॉब असेल तर प्लीज सांगा."

चार-पाच वर्षं नोकरी झालेल्या कुणालाही लिंक्डइनवर असा मेसेज आलेला असतोच. सोबत रिझ्युमे जोडलेला असतो. आपल्या हातात काही जॉब नसतो. मग आपण "कळवतो" लिहून मोकळे होतो, नाहीतर मेसेज तसाच राहून जातो.

पण या मुलाला जॉबच्या आधी दुसरीच गोष्ट हवी असते. आपल्या डिग्रीवर कोणकोणती कामं मिळतात आणि त्यासाठी काय यावं लागतं, हे सांगणारं कुणीतरी. घरातला पहिलाच पदवीधर असेल तर असा माणूस ओळखीत नसतो. हे काम पैसे न घेता करणाऱ्याला म्हणतात व्हॉलंटियर करिअर मेंटॉर.

मेंटॉर हा शब्द आला कुठून?

होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातून. ट्रॉयच्या युद्धाला निघालेला ओडिसियस आपलं घरदार मेंटॉर नावाच्या मित्राच्या भरवशावर सोडून जातो. मागे राहिलेल्या त्याच्या मुलाला, टेलेमॅकसला, पुढे या मेंटॉरच्या रूपात आधार मिळतो. त्यावरून अनुभवी, विश्वासू मार्गदर्शकाला मेंटॉर म्हणायला लागले.

शिक्षक विषय शिकवतात, क्लासवाले फी घेऊन परीक्षेची तयारी करून घेतात, समुपदेशक प्रशिक्षित असतात. मेंटॉर यांच्यापेक्षा वेगळा. तो स्वतः ज्या वाटेने गेलाय, ती वाट दाखवतो.

एका ओळखीने खरंच फरक पडतो का?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांशी बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, बहुतेकांना नोकरीची माहिती रोज भेटणाऱ्या जिवलगांकडून मिळालेलीच नव्हती. ती मिळाली होती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. आपल्या मित्रांना जे माहीत असतं, ते बहुतेक वेळा आपल्यालाही माहीत असतं.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. फार जवळच्याही नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं.

आता विचार करा. तालुक्याच्या कॉलेजात बीकॉम करणाऱ्या मुलीचे सगळे मित्र तिच्याच वर्गातले आहेत. तिच्यासाठी तुम्ही ती 'मधली ओळख' होऊ शकता.

मेंटॉर सांगतो तरी काय?

जे पुस्तकात नसतं आणि कुणी सांगतही नाही ते. उदाहरणार्थ, बीकॉमला किमान ५५ टक्के असतील तर सीए फाउंडेशनची परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीत टॅली, जीएसटी रिटर्न आणि एक्सेल विचारतात. 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' नावाच्या पोस्टवर बऱ्याचदा दिवसभर फिरून सेल्सचंच काम असतं. आणि नोकरी देण्याआधी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'लॅपटॉप डिपॉझिट' मागणाऱ्यापासून लांब राहायचं.

तुम्हाला यातलं काही किरकोळ वाटेल. पण यातली एक गोष्ट वेळेवर कळली नाही, तर एखाद्याचं वर्ष जातं किंवा घरच्यांनी साठवलेले पैसे जातात.

इथे एक काळजी घ्या. 'आमच्या वेळी' असं म्हणण्याआधी नियम पुन्हा तपासा. २०२३ पासून सीएची आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. तुमची पाच वर्षांपूर्वीची माहिती आज चुकीची ठरू शकते.

किती वेळ द्यावा लागतो?

महिन्यातून एक तास, निदान सहा महिने. साधारण असं ठरवता येईल:

- पहिली भेट: फक्त ऐका. घरची परिस्थिती, आवडते विषय, शहर सोडता येईल का, कमाई लगेच सुरू करणं गरजेचं आहे का, हे समजून घ्या.
- दुसरी भेट: तीन संभाव्य वाटा कागदावर मांडा. प्रत्येकीचा खर्च, कालावधी आणि सुरुवातीचा पगार लिहा.
- तिसरी भेट: रिझ्युमे. तो तुम्ही लिहून देऊ नका, खुणा करून परत द्या. वडिलांच्या दुकानाचा हिशेब बघितला असेल, तर तोही अनुभवच आहे. तो लिहायला सांगा.
- चौथी भेट: खोटी मुलाखत. मुलाला मराठीत विचार करून इंग्रजीत बोलायला वेळ लागत असेल, तर घाई करू नका.
- पुढच्या भेटी: अर्ज किती केले, नकार कुठे आला, पुढे काय बदलायचं.

मध्येच सोडलं तर?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या मेंटॉरिंगचा अभ्यास मांडला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांमध्ये मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पण मेंटॉरची साथ तीन महिन्यांच्या आत सुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झालेला दिसला.

ती मुलं वयाने लहान होती, हे खरं. तरी पदवीच्या मुलांनाही हे लागू पडेल असं वाटतं. आधीच चार ठिकाणांहून नकार आलेल्या मुलाला पाचवा नकार मेंटॉरकडून नको. म्हणून ऑफिसात ऑडिटचा सीझन असेल, घरात बाळ येणार असेल, तर आत्ता सुरू करू नका. आणि मध्येच थांबावंच लागलं तर गायब होऊ नका. कारण सांगा, शेवटची एक भेट घ्या, जमलं तर दुसऱ्या कुणाशी गाठ घालून द्या.

काय करायचं नाही?

नोकरीचं वचन देऊ नका. उसने पैसे देऊ-घेऊ नका. मुलांचा रिझ्युमे फोन नंबरसकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. भेट कॉलेजात किंवा व्हिडिओ कॉलवर घ्या आणि ती कॉलेजला किंवा संस्थेला माहीत असू द्या. मूल फार खचलेलं वाटलं तर तिथे करिअरचा सल्ला पुरत नाही. सरकारच्या टेलि-मानस या मोफत हेल्पलाइनचा नंबर १४४१६ द्या.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या कॉलेजपासून. माजी विद्यार्थी संघ किंवा प्लेसमेंट सेलला फोन करा आणि "मला दोन मुलं द्या" असं स्पष्ट सांगा. कॉलेजही सहसा तयार होईल, कारण नॅकच्या मूल्यांकनात करिअर मार्गदर्शन आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दोन्ही बघितलं जातं.

कॉलेजशी संबंध उरला नसेल तर संस्था आहेत. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातून शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. बेंगळुरूची मेंटॉर टुगेदर ही संस्था कमी उत्पन्न गटातल्या तरुणांची मेंटॉरशी गाठ घालून देते.

आणि हेही जमत नसेल, तर इनबॉक्समधला तो मेसेज पुन्हा उघडा. "कळवतो"ऐवजी एवढंच लिहा: "जॉब सध्या नाही. पण रविवारी अर्धा तास बोलूया का? तुला नेमकं काय करायचंय ते सांग."