आवालावरील समाधी

आपल्याकडील शालेय इतिहासात सर्बियाचे नाव एकदाच येते. १९१४ च्या २८ जून रोजी सारायेव्होत गोळी सुटते, ऑस्ट्रियाचा युवराज कोसळतो आणि महायुद्ध पेटते. पुढे त्या चिमुकल्या राष्ट्राचे काय झाले, हा प्रश्न विद्यार्थी विचारीत नाही आणि शिक्षकही सहसा त्याच्या वाटेस जात नाही. वस्तुतः त्या युद्धात आपल्या लोकसंख्येच्या मानाने सर्बियाइतकी प्राणहानी दुसऱ्या क्वचितच कोणत्या देशाने सोसली असेल. अवघ्या पंचेचाळीस लाखांच्या त्या देशात सैनिक आणि नागरिक मिळून किती माणसे गेली, याचे अंदाज साडेसात लाखांपासून साडेबारा लाखांपर्यंत जातात.

हे सैन्य बहुतांशी शेतकऱ्यांचे होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्सेर पर्वतावर आणि वर्षअखेर कोलुबारा नदीच्या काठी त्याने ऑस्ट्रियाच्या बलाढ्य फौजा मागे रेटल्या. कोलुबाराच्या संग्रामापूर्वी स्कोप्ये येथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकडीस घाईघाईने कॉर्पोरलचा हुद्दा देऊन आघाडीवर धाडण्यात आले. ‘तेराशे कॉर्पोरल’ या नावाने ती मुले आजही ओळखली जातात. त्यांतील पुष्कळशी परतली नाहीत. नंतर टायफस ज्वराची साथ आली. १९१५ च्या ऑक्टोबरात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बल्गेरिया यांनी एकदम चाल केली, तेव्हा शरण न जाता सारे सैन्य ऐन हिवाळ्यात अल्बेनियाच्या हिमाच्छादित डोंगरांतून समुद्राकडे निघाले. वृद्ध राजा पीटर बैलगाडीतून आणि सरसेनापती पुत्निक रुग्णावस्थेत पालखीवजा पेटीतून त्या वाटेने गेले. सुमारे दीड लाख सैनिक मित्रराष्ट्रांच्या जहाजांवरून पलीकडे पोहोचले. कोर्फू हे ग्रीक बेट त्यांचे मुख्य आश्रयस्थान झाले. जवळच्या विदो बेटावर रुग्णांस ठेवले होते. तेथे मृत्यू इतके झाले की पुरावयास भूमी अपुरी पडली आणि प्रेते समुद्रार्पण करावी लागली. मिलुतिन बोयिच या तरुण कवीने त्या जलाशयावर ‘निळी समाधी’ हे काव्य रचले. १९१७ मध्ये सलोनिका येथे तोही क्षयाने गेला, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी.

परंतु कोर्फूवर केवळ सैन्य आले नव्हते. विधिमंडळही आले होते! ज्या राष्ट्राच्या हाती स्वतःची एक वीत भूमी उरली नव्हती, त्याचे लोकप्रतिनिधी १९१६ मध्ये कोर्फूच्या नगर-नाट्यगृहात सभा भरवून आपल्याच सरकारला जाब विचारीत होते. या दृश्याकडे इतिहासकारांनी रणांगणापेक्षा कमी लक्ष दिले आहे, असे मला वाटते. सर्बियाची लोकसत्ता निष्कलंक होती, असा माझा दावा नाही. १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा-राणीचा खून केल्यावरच तेथे खरे घटनात्मक राज्य सुरू झाले आणि त्या अधिकाऱ्यांची छाया पुढेही कारभारावर पडत राहिली. पंतप्रधान निकोला पाशिच हेही सभागृहाला चुकविण्यात वाकबगार होते. तथापि युद्धात मरणारा शेतकरी हा मतदारही होता.

२० जुलै १९१७ रोजी याच बेटावर पाशिच आणि दक्षिण स्लाव समितीचे आंते त्रुंबिच यांनी एका घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. सर्ब, क्रोआट आणि स्लोव्हेन यांचे संयुक्त राज्य घटनात्मक, लोकसत्ताक आणि संसदीय राजतंत्र असेल; तिन्ही नावे, दोन्ही लिप्या आणि सर्व धर्म यांस समान मान मिळेल; मताधिकार सार्वत्रिक आणि गुप्त असेल; आणि राज्यघटना संविधान सभेत विशेष बहुमतानेच संमत होईल, अशी ती प्रतिज्ञा होती. मासेदोनियाच्या डोंगरांत कायमाक्चालानसारखी शिखरे चढून जे सैनिक पडले, त्यांच्या रक्ताच्या मोलाने हे वचन दिले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. सलोनिकाच्या झाइतिन्लिक दफनभूमीत असे सुमारे साडेसात हजार सर्ब सैनिक विसावले आहेत. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी तिची राखण केली. तिसरे रक्षक जॉर्जे मिहाइलोविच २०२३ मध्ये निवर्तले. (त्याच शहरात मोनास्तिर मार्गावर त्या आघाडीवर मृत्यू पावलेल्या आपल्या भारतीय सैनिकांचीही दफनभूमी आहे, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.)

वचनाचे काय झाले? १९२१ मध्ये विदोव्दानच्या दिवशी, म्हणजे कोसोव्होच्या १३८९ च्या संग्रामाच्या स्मृतिदिनी, नवी घटना संमत झाली. ४१९ सदस्यांपैकी २२३ मतांनी. विशेष बहुमत कोठे आणि हे कोठे! १९२८ च्या जूनमध्ये माँटेनेग्रोच्या एका सदस्याने भर सभागृहात क्रोआट प्रतिनिधींवर गोळ्या झाडल्या, आणि ६ जानेवारी १९२९ रोजी राजा अलेक्झांडर याने घटना रद्द करून सत्ता स्वतःकडे घेतली.

या राजानेच हुतात्म्यांचे सर्वांत भव्य स्मारक उभारले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बेलग्रेडजवळील आवाला टेकडीवर एका अज्ञात सैनिकाचे थडगे १९२१ मध्ये सापडले होते आणि पुढल्या वर्षी तेथे एक साधे स्मारकही झाले. राजाला ते पुरेसे वाटले नाही. त्याने टेकडीवरील झ्रनोव हा मध्ययुगीन किल्ला १९३४ मध्ये सुरुंगाने उडवून दिला आणि त्या जागी शिल्पकार मेश्त्रोविच याच्याकडून काळ्या ग्रॅनाइटची समाधी बांधविण्यास घेतली. तिच्या दोन्ही द्वारांशी खांबांच्या जागी आठ स्त्रिया उभ्या आहेत, प्रत्येक आपल्या प्रांताच्या वेषात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्सेय येथे राजाचा खून झाला. काम १९३८ मध्ये पुरे झाले. समाधीवर लेख आहे: युगोस्लाव्हियाचा राजा पहिला अलेक्झांडर याजकडून अज्ञात वीरास. वीर अनामिक आणि राजा मात्र नावानिशी! शिल्पाच्या सौंदर्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या नावे लोकसत्तेचे वचन दिले गेले, त्याचे स्मारक ते वचन मोडणाऱ्याने बांधावे, ही गोष्ट खटकते.

पुढील काळात हा प्रकार अधिक विद्रूप झाला. १९८९ च्या विदोव्दानला मिलोशेविच याने कोसोव्होच्या रणभूमीवर प्रचंड सभा घेऊन जुन्या वीरांची आळवणी केली. आणि १९९१ मध्ये तरुणांना क्रोएशियात लढावयास पाठवीत असताना ‘सर्बिया युद्धात नाही’ असे त्याचे सरकार जगाला सांगत राहिले. युद्धच नाही, तर हुतात्मे कोठले? हजारो राखीव सैनिकांनी भरतीस नकार दिला, यात नवल नाही. त्यानंतर १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियातील सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुले ठार मारली. त्सेर आणि कोलुबारा येथील शेतकऱ्यांस आणि या मारेकऱ्यांस एकाच फुलांनी पूजणे हा त्या शेतकऱ्यांचा अपमान होय, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. बेलग्रेडमधील कितीएक नागरिकांनी ते १९९१ पासूनच म्हटले होते. ५ ऑक्टोबर २००० रोजी चोरलेल्या निवडणुकीविरुद्ध लोक संसदेसमोर लोटले आणि मिलोशेविचला जावे लागले.

१ नोव्हेंबर २०२४ रोजी नोव्ही साद येथील रेल्वे स्थानकाचे छत कोसळले; सोळा माणसे त्यात प्राणास मुकली. सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटांची ती वेळ विद्यार्थ्यांनी धरून ठेवली. त्या क्षणी चौकाचौकांत वाहतूक थांबवून, गेलेल्या एकेका जीवामागे एक मिनिट, असे ते स्तब्ध उभे राहू लागले. बांधकामाची कागदपत्रे उघड करावी, ही त्यांच्या आरंभीच्या मागण्यांपैकी एक होती. २०२५ च्या विदोव्दानला बेलग्रेडच्या स्लाविया चौकात ते फार मोठ्या संख्येने जमले, तेव्हा मागणी मुदतपूर्व निवडणुकांची होती. त्या सभेतील काही भाषणांत कोसोव्होचा जुना सूरही उमटला आणि त्यावरून पुढे आंदोलकांतच वाद झाले.