वाफेच्या नळीचा हिशेब



दसरा सरला की आपल्या भागात बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची निमंत्रणे निघतात. निवृत्तीनगरचा विघ्नहर असो की पारगावचा भीमाशंकर, पूजा होते, नारळ फुटतो, भट्टी पेटते. त्या बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत वाफ नेणाऱ्या पोलादी नळीची जाडी आज किती उरली आहे, हे मात्र मंडपात कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या नळीचीच कथा सांगणार आहोत.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात अधिक झाले. नळीचे गणित आम्हाला एका वयस्क फिटरने पत्र्यावर खडूने शिकविले. ते पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. दाबाला व्यासाने गुणावे, जाडीच्या दुपटीने भागावे. येईल तो ताण पोलादाने सोसायचा. वेढ्याच्या दिशेचा हा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाहून दुप्पट असतो. म्हणून नळी फुटते ती वालाच्या शेंगेसारखी उभी उकलते.

उदाहरण घेऊ. चौरस सेंटिमीटरला ४,००० किलोच्या ताणाने तुटणारे पोलाद आहे. त्याचा चौथा हिस्साच वापरायचा, म्हणजे १,०००. पत्रा वळवून विजेच्या प्रवाहाने सांधलेल्या नळीला अमेरिकन संहिता ०.८५ गुण देते, उरले ८५०. व्यास २०० मिलिमीटर आणि जाडी ८ असेल, तर दाबाची मर्यादा ६८ किलो. गंजून जाडी ४ वर आली की मर्यादा ३४! वरच्या लॅगिंगमुळे डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही.

त्यात उष्णतेची भर. साधे पोलाद सुमारे ३७० अंश सेल्सियसपर्यंत विश्वासाचे. त्यापुढे ते ताणाखाली वर्षानुवर्षे हळूहळू सैलावते. ४२५ अंशांना त्याला सुमारे दोन-तृतीयांश ताणाचीच मुभा उरते. म्हणून दाब आणि तापमान या दोन मर्यादा एकत्रच वाचाव्या लागतात.

हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, तेव्हा १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. अमेरिकेत ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी ५८ माणसे गेली, आणि पुढे १९१४ ची संहिता तयार झाली. आपल्याकडे १९२३ चा कायदा आणि १९५० ची नियमावली आली. वाफेची नळीही तपासणीखाली आली. आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली आहे.

याच संहितेतील एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रथम पोलादाच्या ताकदीला ५ ने भागीत. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचविण्यासाठी भाजक ४ झाला. १९९९ मध्ये ३.५. आमचा त्याला विरोध नाही. पोलाद सुधारले, तपासणीची साधनेही सुधारली. पण पूर्वी अज्ञानासाठी राखलेली जागा कमी झाली, ती तपासणीच्या भरवशावर. तपासणीच कागदावर राहिली, तर कमी झालेली जागा कामगाराच्या अंगातून वसूल होते.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, गाळप थांबू नये म्हणून झिजलेल्या नळीवर ठिगळ सांधून वाफ सोडली. सांधा उकलला, आमच्या एका सहकाऱ्याचे दोन्ही हात भाजले. जाडी कोणी मोजली, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, "हे तुमचे काम नाही."

आमचे म्हणणे, ते आमचेच काम आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात, नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञात किती गाई आणि किती कार्षापण दिले, याचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर दगडात कोरले गेले. दानाचा हिशेब जर असा उघड्यावर राहू शकतो, तर नळीची मोजलेली जाडी, तिचा दाब आणि तापमान खडूने एका फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? पुढल्या अग्निप्रदीपनाला जाल, तेव्हा प्रसाद घेण्यापूर्वी तेवढा फळा कोठे आहे, हे विचारा.